ओले प्लग

नकाशेवाले गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही गाडीच्या निमित्तानं. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

"मिस्त्रीकाका, बाबा गेले. गाडी घेऊन जा. विका, मोडा, काय वाटेल ते करा, पण माझ्या डोळ्यांसमोरून हलवा."

हातातला पाना तसाच धरून मी उभा राहिलो. नकाशेवाले म्हणजे जमीनमोजणीच्या कचेरीत जन्मभर नकाशे काढलेले गृहस्थ. वीस वर्षं त्यांची गाडी दुरुस्तीला माझ्याकडे. पहिली कार्ब्युरेटरवाली होती. ती गेल्यावर त्यांनी ही इंजेक्शनवाली घेतली आणि मला मुद्दाम दाखवायला आणली. "मिस्त्री, आता तुमचं कसं होणार? हिला तर चोकच नाही!" मी म्हटलं होतं, "चोक नाही म्हणून आजारी पडणार नाही असं थोडंच आहे?" दोघंही पोट धरून हसलो होतो. सहा महिन्यांपूर्वी शेवटचे आले तेव्हा सुनेला गाडी शिकवत होते. तिला चालवायला बसवून स्वतः शेजारी, दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळून.

मी हत्यारांची पेटी आणि एक भरलेली बॅटरी घेऊन निघालो.

त्यांचं घर तळमजल्यावर, तीन बिऱ्हाडांत मिळून एक अंगण आणि एकच अरुंद फाटक. गाडी भिंतीला लागून उभी होती. मुलगा पायरीवर बसला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस तसाच काटेकोर, अर्ध्या नंबरचा फरक सहन न होणारा. दाढी वाढली होती. मी शेजारी बसलो तर त्यानं विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"सकाळी सव्वासहाला आईनं हाक मारली. बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, घामानं निथळत. छातीत कळ. पण स्वतः चालत गाडीपर्यंत आले, काका. मागच्या सीटवर आई बसली, तिच्या मांडीवर डोकं टेकलं. मी किल्ली फिरवली. इंजिन फिरतंय, फिरतंय, पण पेटत नाही. अकरा मिनिटं. मग बॅटरी बसली. मग रुग्णवाहिका बोलावली. ती आली तोवर..." त्यानं हातानं पुढचं पुसून टाकल्यासारखं केलं. "हॉस्पिटल सात मिनिटांवर आहे. मी कालच जाऊन आलो, रिक्षानं, घड्याळ लावून."

"नंतर कुणी हात लावला गाडीला?"

"मीच. शेजाऱ्यांकडून बॅटरी चार्ज करून आणली. रोज सकाळी किल्ली मारून बघतो."

"आता कशाला?"

"नाहीच होत ना सुरू, ते बघायला."

हे वाक्य ऐकून मला समजायला हवं होतं. त्या पोराला गाडी सुरू न होण्यातच आधार होता. गाडी मेलेली होती, कुणाच्याही हातानं ती उठली नसती, एवढ्यावर तो तीन दिवस तगून होता. पण बिघाड समोर आला की मला माणसं दिसत नाहीत, ही माझी जुनी खोड.

मी बॉनेट उघडलं आणि एक प्लग काढला. टोक पेट्रोलनं चिंब. दुसरा काढला, तोही तसाच. ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली, तर ऑइललासुद्धा पेट्रोलचा वास. बस, निदान झालं. इंजिन बुडालं होतं. पाण्यात नाही, स्वतःच्याच पेट्रोलमध्ये. ठिणगी पाडणारा प्लगच ओला झाला तर ठिणगी कुठून पडणार? आणि दर वेळी किल्ली फिरवली की पेट्रोलचा आणखी एक फवारा आत जाणार. म्हणजे हा बिचारा रोज सकाळी तिला आणखी बुडवत होता.

मी प्लग पुसून परत बसवले, माझी बॅटरी तारांनी जोडली आणि आत जाऊन बसलो. अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला, तसाच दाबून धरला आणि किल्ली फिरवली. दहा सेकंद. थोडं थांबलो. परत दहा सेकंद. इंजिन एकदा खोकलं, मग दोनदा, मागून काळपट धुराचा लोट आला, आणि गाडी सुरू झाली. मी पाय अलगद वर घेतला. आवाज हळूहळू एकसारखा झाला.

घराचं दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, नकाशेवाल्यांच्या पत्नी. अनवाणी, चष्मा हातात. गाडीकडे बघत राहिल्या आणि मग पायरीवर मुलाशेजारी बसल्या.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, वहिनी."

सुरू केलेल्या इंजिनाची मला लाज वाटली, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मुलगा उठून खिडकीशी आला. "काय केलंत?"

"काही नाही. पेडल तळाला दाबून धरलं. तसं धरलं की आतला कंप्युटर पेट्रोल बंद करतो, नुसती हवा सोडतो. हवेनं प्लग सुकतात."

"पेडल. बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

"म्हणजे मला माहीत असतं तर..."

मी फडकं घेऊन गाडीतून उतरलो. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. मग जरा वेळानं म्हणाला, "पण झालं कशामुळे? आदल्या दिवशी तर ठीक होती. काय बिघडलं होतं?"

तिथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण प्रश्न माझ्या धंद्याचा होता आणि उत्तर मला पाठ होतं. "बिघडलं काहीच नव्हतं रे. गाडी चोख आहे. असं कधी होतं, तर थंड गाडी कुणी सुरू करतं, चार पावलं सरकवतं आणि लगेच बंद करतं. थंड इंजिनाला गाडी जास्तीचं पेट्रोल पाजते. ते जळायच्या आत बंद केलं की सगळं प्लगवर बसतं. मिनिटभर चालू ठेवली असती तरी भागलं असतं."

बोलताना मी हात पुसत होतो. मान वर केली तर दारात सून उभी. हातातल्या ट्रेमध्ये चहाचे तीन कप. ती कापडाच्या गिरणीत रंग तपासायचं काम करते. नखांच्या कडा कायम निळसर.

"मी सरकवली होती," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी. शेजाऱ्यांचं कपाट आत यायचं होतं."

वहिनींनी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला. नवरा तिच्याकडे नुसता बघत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवून गाडी बंद केली, आणि मला म्हणाला, "घेऊन जा, काका."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"तुम्हाला व्याख्यान द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"त्यानं विचारलं. खरं तेच सांगितलं."

"जुनी झाली होती म्हणायचं. गाडीला काय, तिला कुठे वाईट वाटतं!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोनंही आग्रह केला नाही.

गाडी मी गॅरेजच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली ठेवली. ऑइल बदललं, प्लग नवे घातले. गिऱ्हाईक शोधायला मात्र मन घेईना.

महिना उलटला असेल. एके दिवशी दुपारी सून गॅरेजमध्ये आली. अर्धी रजा टाकून आली होती. बरीच वाळली होती. मी खुर्ची पुसून दिली, पण ती बसली नाही.

"काका, ती गाडी परत तशीच करा."

"तशीच म्हणजे?"

"त्या दिवशी होती तशी. बुडवा. मग मला सुरू करू द्या."

"वेडी की काय तू? काय मिळणार आहे त्यातून?"

"करा ना, काका. मी दुसरीकडे कुठं जाऊन हे मागू?"

मी खूप आढेवेढे घेतले. ती ताडपत्रीचं टोक धरून उभी राहिली, हलेचना. शेवटी मी जुने प्लग घातले, गाडी सुरू करून लगेच बंद केली, असं तीन-चार वेळा केलं. पाचव्या वेळी ती पेटली नाही. नुसती फिरत राहिली. तो आवाज ऐकून सुनेनं डोळे मिटून घेतले.

मग ती आत बसली. मी खिडकीशी उभा राहून सांगत होतो. "दाब. आणखी. पार खाली. आता काहीही झालं तरी सोडायचं नाही." पहिल्यांदा इंजिन खोकलं तसा तिचा पाय दचकून वर आला आणि गाडी गप्प झाली. दुसऱ्यांदा तिनं पाय रोवला. धूर निघाला, गाडी सुरू झाली. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बावीस सेकंद," ती म्हणाली, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

रडत नव्हती. तशीच बसून जमिनीकडे बघत बोलायला लागली. "बाबांना मी गाडी चालवते याचं फार कौतुक. त्या संध्याकाळी मागं उभं राहून तेच हात करत होते. ये, ये, ये, बस. शाब्बास. आता बंद कर, म्हणाले. त्यांनी सांगितलं म्हणून बंद केली, काका."

"मग हे त्याला सांग की."

"कसं सांगू? गेलेल्या माणसावर ढकलते असं नाही का होणार?"

"घरी कसं आहे?"

"बोलत नाही. मीठ दे, किल्ली कुठाय, एवढंच. बाबांच्या पलंगावर झोपतो. आई बोलतात माझ्याशी. जरा जास्तच बोलतात. गिरणीतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर फाटकात येऊन उभ्या असतात."

ती गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. चूक तिची नव्हती, नकाशेवाल्यांची नव्हती, गाडीचीही नव्हती. पण तोंड माझं होतं. रात्रभर विचार करून मी ठरवलं की आता खोटं बोलायचं, आणि नीट पुराव्यासकट बोलायचं.

माझ्या खणात जुन्या भागांचा ढीग असतो. त्यातून एक इंजेक्टर काढला, पेट्रोल फवारणारी बोटभर नळी. याचं तोंड गळकं होतं. कपड्यात गुंडाळून मी चष्म्याच्या दुकानात गेलो.

दुकान छोटंसं. भिंतीवर मोठ्या अक्षरापासून बारीक होत जाणारा तक्ता, काउंटरवर काचांचे कप्पे. आरशासमोर एक म्हाताऱ्या बाई एकामागून एक फ्रेम लावून बघत होत्या. तो एका चष्म्याची दांडी बसवत होता. सुईएवढा स्क्रू, पण हात अगदी स्थिर.

मी इंजेक्टर त्याच्यासमोर ठेवला. "माझं चुकलं होतं," मी म्हणालो. "नंतर गाडी उघडली तेव्हा सापडलं. हा गळत होता. रात्रभर थेंब थेंब पेट्रोल आत. गाडी कुणी सरकवली नसती तरी सकाळी सुरू झाली नसती."

त्यानं स्क्रू खाली ठेवला. इंजेक्टर उचलला, डोळ्याला भिंग लावलं आणि त्यावरचा बारीक नंबर वाचला. मग फोन काढून तो नंबर टाकला. मी तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिलो. खालच्या दोन ओळी मला दिसल्या नाहीत.

"हा कुठल्यातरी मालवाहू व्हॅनचा आहे," तो म्हणाला.

माझे कान तापले. साठीला आलेला माणूस मी, आणि शाळेत कॉपी पकडल्यासारखा उभा होतो.

"तिनं पाठवलं तुम्हाला?"

"नाही. तिला माहीतसुद्धा नाही."

"ही कशी दिसते रे?" बाईंनी वळून विचारलं. लालभडक फ्रेम होती.

"छान दिसते, आजी," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून माझ्याशी बोलायला लागला. "काका, मी तुम्हाला अकरा मिनिटं सांगितली ना. त्यातलं तिसरं मिनिट सांगितलं नाही. तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या सीटवरून बायको म्हणाली, गाडी सोड, मी रुग्णवाहिका बोलावते. फोन लावतच होती. मी तिच्या हातातून फोन हिसकावला आणि समोर टाकला. म्हटलं, होतेय सुरू, मध्ये बोलू नकोस. पुढची आठ मिनिटं तिला गाडीतून उतरूही दिलं नाही."

त्यानं मघाचा स्क्रू उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, कुणीतरी सरकवली. खरं सांगू? मला हायसं वाटलं. क्षणभर. मग तिच्याकडे बघितलं. तिनं फोनचं तिथंच काढायला हवं होतं, आईसमोर, तुमच्यासमोर. कुणीही काढलं असतं. तिनं काढलं नाही. आजवर काढलं नाही. म्हणून मला तिच्याकडे बघवत नाही, काका. लोकांना वाटतं मी रागावलोय."

"तिलाही तसंच वाटतं."

"माहीत आहे."

"मग हे मला काय सांगतोस? तिला सांग."

"आज सांगतो," तो म्हणाला. इंजेक्टर त्यानं परत कपड्यात नीट गुंडाळून मला दिला.

पण आज त्याच्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आदल्या संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा सून कपडे भरून गिरणीजवळच्या खोलीत गेली होती, आणि तिच्याबरोबर वहिनीही गेल्या होत्या. त्याची आई. शेजारच्यांकडे किल्ली ठेवून. "आईनं का जावं?" तो सारखं विचारत होता. मला उत्तर दिसत होतं, पण या वेळी मी म्हटलं, "तिलाच विचार. पत्ता काढ, मी येतो बरोबर."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. दोन खाटा, मध्ये एक स्टूल, खिडकीत दोरीवर कपडे. दार वहिनींनी उघडलं. मुलाला बघून त्या बाजूला झाल्या, पण आत ये म्हणाल्या नाहीत. सून खिडकीशी उभी होती.

तो उंबऱ्यावरच बोलला. वाटेत काहीतरी जुळवत होता, पण तोंडातून आलं ते एवढंच. "तू फोन लावत होतीस. मी हिसकावला."

"हो," ती म्हणाली.

"मला पहिल्या दिवसापासून आठवतंय."

"मला आधी वाटलं तू विसरलास. माणूस अशा वेळी विसरतो. मग एक दिवस तू माझ्या फोनकडे बघितलंस आणि नजर वळवलीस. तेव्हा कळलं, याला आठवतंय. आठवतंय, आणि तरी दोष माझ्यावरच राहू देतोय."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वहिनी खाटेवर बसल्या. "मी मागंच होते रे," त्या म्हणाल्या. "ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सगळं बघितलं. तुझी आई म्हणून गप्प बसले, वाटलं तू आपणहून बोलशील. रोज वाट बघितली. ही माझ्यासमोर रोज झिजत होती आणि मी तिला नुसती पोळी वाढत होते. मग मलाच माझी शरम वाटायला लागली."

"घरी चला," तो म्हणाला. "दोघी चला."

खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली आपटली.

"आज नको," सून म्हणाली.

"मग कधी?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

मी स्टुलावर बसायला निघालो होतो, तो तसाच मागं फिरलो. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडला. जाणारे-येणारे अंग चोरून बाजूनं जात होते. मी एका पायरीनं वर बसून राहिलो. एका बाईनं पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं.

याला आता दीड वर्ष झालं. गाडी दुसऱ्या गावच्या दोघी बहिणींनी नेली. सून अजून त्या खोलीतच राहते. वहिनी आठवड्यातून दोन दिवस मुलाकडे जातात, स्वयंपाक करून ठेवतात आणि संध्याकाळी परततात. मुलगा दुकान उघडतो, बंद करतो. मधे मीही नंबर काढून आलो. तपासताना तो कामापुरतं बोलला, पण चष्मा डोळ्यांवर बसवताना त्यानं माझा खांदा दाबला.

वहिनी बाजारात भेटल्या की मी विचारतो. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "दोघं बोलतात आता. फोनवर."

"काय बोलतात?"

"त्याचा फोन आला की मी खोलीबाहेर जाते," वहिनी म्हणाल्या, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढं गेल्या.